फॅरनहाइट-सेल्सिअसचं गणित चुकतंय? चुकलेलं उत्तरच सांगतं चूक कुठे झाली

तापमानाचं एकक बदलण्याचं सूत्र आठवीच्या आसपास भेटतं, अकरावीत पुन्हा येतं, आणि वायूंच्या नियमांपर्यंत पोचलं तरी त्यात चुका होतच राहतात. उत्तर चुकलं की मुलांना "सूत्र नीट पाठ कर" एवढंच सांगितलं जातं. वह्या तपासताना मात्र वेगळंच दिसतं. सूत्र बहुतेकांना पाठ असतं, वरच्या ओळीत ते अचूक लिहिलेलंही असतं, आणि खालच्या ओळीत उत्तर भलतंच. अशा वेळी सूत्र आणखी दहादा पाठ करून काहीही सुटत नाही.

म्हणून चुकलेलं उत्तर लगेच खोडू नका, ते वाचा. या गणितात चुकण्याच्या वाटा मोजक्या आहेत आणि प्रत्येक वाटेवर ठरलेला आकडा हाती येतो. आकड्यावरून वाट ओळखता येते.

आधी ही चाचणी करा

निरोगी माणसाच्या शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअस, म्हणजेच ९८.६ अंश फॅरनहाइट धरतात. दोन्ही आकडे आपल्याला तोंडपाठ असतात, म्हणून चाचणीला हीच जोडी घ्या. गृहपाठातलं गणित बाजूला ठेवा आणि तुम्ही ज्या पद्धतीने ते सोडवलंत, अगदी त्याच पद्धतीने ९८.६ चं सेल्सिअस करून बघा. सूत्र हे:

से = (फॅ − ३२) × ५/९

३७ आलं तर तुमची पद्धत ठीक आहे, चूक पुढे कुठेतरी आहे. नाही आलं तर काय आलं ते पाहा.

८०.८ आलं असेल तर कंस हरवला आहे. ३२ ला ५/९ ने गुणून १७.८ आले आणि ते ९८.६ मधून वजा झाले. २२.८ आलं असेल तर आधी गुणाकार आणि नंतर ३२ ची वजाबाकी झाली, म्हणजे पायऱ्यांचा क्रम उलटा झाला. ११९.९ आलं तर अपूर्णांक उलटा बसला, ५/९ च्या जागी ९/५. आणि ७२.६ आलं तर ३२ वजा करायचे सोडून मिळवले गेले.

उलट दिशेलाही असंच. ३७ चं फॅरनहाइट करताना १२४.२ आलं तर ३२ आधी मिळवून मग गुणलं आहे. ५२.६ आलं तर अपूर्णांक उलटा. ३४.६ आलं तर ३२ मिळवायचे होते ते वजा झाले.

शून्य टाकून तपासायची सवय अनेकांना असते. "शून्य सेल्सिअसला ३२ येतंय, म्हणजे बरोबर." ही चाचणी कच्ची आहे. शून्याला ९/५ ने गुणा नाहीतर ५/९ ने, शून्यच राहणार, त्यामुळे अपूर्णांक उलटा असला तरी ३२ च येतात आणि चूक लपून जाते. ३७ किंवा १०० घ्या.

फोनवर चुकतं, दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर बरोबर येतं

८०.८ हे उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा दिसतं, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. दुकानात गल्ल्याशेजारी असतो तो साधा कॅल्क्युलेटर घ्या आणि ओळीने दाबा: ९८.६, वजा, ३२, गुणिले, ५, भागिले, ९, बरोबर. उत्तर येतं ३७. आता हीच बटणं याच क्रमाने फोनच्या कॅल्क्युलेटरवर दाबा. उत्तर येतं ८०.८२.

दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर आहेत. साधा कॅल्क्युलेटर प्रत्येक क्रिया तिथल्या तिथे उरकतो. 'गुणिले' दाबताक्षणी त्याने ९८.६ − ३२ ची वजाबाकी करून ६६.६ तयार ठेवलेले असतात. फोनवरचा आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटर अख्खी ओळ वाचतो आणि गणिताच्या नियमाप्रमाणे गुणाकार-भागाकार आधी करतो. घरी एका यंत्रावर जमलेलं गणित शाळेत दुसऱ्यावर चुकतं ते यामुळे. उलट दिशेला चित्र पालटतं: ३२ + ३७ × ९ ÷ ५ असं दाबलं तर फोन ९८.६ सांगतो आणि दुकानातला कॅल्क्युलेटर १२४.२.

उपाय सरळ आहे. वजाबाकी कागदावर आधी करा आणि आलेला आकडाच यंत्रात घाला. तसंही बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर हाताशी नसतो. तिथे आणखी एक सोय बघा: ३२ वजा केल्यावर आधी ९ ने भाग जातो का ते पाहायचं. ६८ − ३२ = ३६, भागिले ९ म्हणजे ४, गुणिले ५ म्हणजे २०. परीक्षेतली बरीच गणितं अशीच नऊच्या पटीत बसवलेली असतात.

क्रम का पाळायचा

एकाच रस्त्यावर दोन खात्यांनी अंतराचे दगड रोवले आहेत अशी कल्पना करा. एकाचं शून्य एका गावात, दुसऱ्याचं थोडं अलीकडच्या गावात. एकाचे दगड लांब लांब, दुसऱ्याचे जवळ जवळ. एका खात्याचा आकडा दुसऱ्याच्या आकड्यात बदलायचा तर दोन कामं करावी लागतात. आरंभ एकाच जागी आणायचा आणि मग दगडांमधलं अंतर बदलायचं. फॅरनहाइटकडून निघताना ३२ वजा करून आरंभ पाण्याच्या गोठणबिंदूवर आणतो, मग अंशाचा आकार बदलतो. परतताना आधी आकार बदलायचा, शेवटी आरंभ हलवायचा.

आता हे ३२ आले कुठून? डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट हा उपकरणं बनवणारा माणूस; जन्म १६८६ चा, डान्झिग शहरातला, कामाची बहुतेक वर्षं हॉलंडमध्ये. १७२४ मध्ये त्याने आपली मोजपट्टी प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचं तापमान शून्य, बर्फ-पाण्याचं ३२ आणि माणसाच्या शरीराचं ९६. पुढे ही मोजपट्टी पाण्याच्या गोठणबिंदूला ३२ आणि उत्कलनबिंदूला २१२ अशी घट्ट बांधली गेली, आणि शरीराचं तापमान ९६ वरून ९८.६ वर सरकलं. म्हणजे फॅरनहाइटचं शून्य आणि पाण्याचं गोठणं यांचा थेट संबंध नाही. आरंभ हलवावा लागतो तो म्हणून.

गोठण्यापासून उकळण्यापर्यंतचं अंतर सेल्सिअसमध्ये १०० आणि फॅरनहाइटमध्ये २१२ − ३२ = १८०. शंभरास एकशेऐंशी, म्हणजे पाचास नऊ. ५/९ की ९/५ हा गोंधळ इथेच मिटायला हवा: फॅरनहाइटचा अंश लहान आहे, म्हणून तेवढ्याच अंतरात त्याचे जास्त अंश मावतात. फॅरनहाइटकडे जाताना आकडा फुगला पाहिजे, तिथे ९/५. सेल्सिअसकडे येताना आटला पाहिजे, तिथे ५/९.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर घरात जुना पाऱ्याचा थर्मामीटर शोधा. (जपून, फुटला तर पारा हाताने गोळा करू नका.) काचेवर बहुधा दोन्ही मोजपट्ट्या छापलेल्या असतात, ३५ ते ४२ आणि ९४ ते १०८. ३५ च्या समोर ९५ दिसेल. तिथून ४२ पर्यंत सरका: एका बाजूला ७ अंश झाले, दुसऱ्या बाजूला ९५ पासून १०७.६ पर्यंत १२.६. साताला १.८ ने गुणून पाहा. बारीक रेघाही मोजा. सेल्सिअसच्या बाजूला एक रेघ ०.१ ची, फॅरनहाइटच्या बाजूला ०.२ ची असते. १०० फॅरनहाइटच्या समोर ३७.८ येतं, आणि ३८ च्या समोर १००.४.

आपल्याकडे तर या दोन मोजपट्ट्या रोज एकत्र नांदतात. ताप फॅरनहाइटमध्ये मोजायचा, "पोराला १०२ ताप आहे" म्हणायचं, आणि उन्हाळा सेल्सिअसमध्ये, "नागपूर ४५ वर गेलं". डिजिटल थर्मामीटरवर एकक बदलायची सोय असते. ती चुकून बदलली गेली आणि पडद्यावर ३९ दिसलं, तर घाबरण्याआधी आणि निर्धास्त होण्याआधीही बाजूचं अक्षर बघावं. ३९ सेल्सिअस म्हणजे १०२.२, चांगलाच ताप.

उत्तराचा अंदाज आधी बांधा

सेल्सिअसचं फॅरनहाइट तोंडी करायला एक रीत आहे आणि ती अगदी अचूक आहे, ढोबळ नाही. आकडा दुप्पट करा, त्यातून त्याचाच दहावा भाग काढा, ३२ मिळवा. ३५ चे ७०, वजा ७ म्हणजे ६३, अधिक ३२ म्हणजे ९५. दुपटीतून दहावा भाग गेला की १.८ पटच उरते, म्हणून ही रीत कधी चुकत नाही.

उलट दिशेला ३२ वजा करून निम्मे करा आणि त्या निम्म्याचा दहावा भाग त्यात घाला. १०४ मधून ३२ गेले की ७२, निम्मे ३६, त्यात ३.६ घातले की ३९.६. खरं उत्तर ४०. अंदाजाला एवढं पुरतं. याशिवाय दोन जोड्या लक्षात राहण्यासारख्या आहेत, कारण आकडे उलटसुलट होतात: १६ ला ६१ आणि २८ ला ८२. दोन्ही जवळजवळ बरोबर आहेत (६०.८ आणि ८२.४).

ऋण आकड्यांत मात्र अंदाज बांधल्याशिवाय पुढे जाऊच नका. १४ फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना १४ − ३२ = −१८ येतात, आणि इथे "एवढं थंड कसं असेल" म्हणून मुलं ऋणचिन्ह गुपचूप सोडून देतात. उत्तर −१० आहे, आणि ते बरोबर आहे. न्यू जर्सीहून मुलीने फोनवर "आज २० आहे" म्हटलं तर तो पुण्यातला हिवाळा नव्हे. ती फॅरनहाइट सांगते आहे, आणि ते उणे सहा-सात सेल्सिअस होतात. −४० ला दोन्ही मोजपट्ट्या एकच आकडा दाखवतात. तिथून खाली फॅरनहाइटचा आकडा सेल्सिअसपेक्षाही खाली जातो: द्रवरूप नायट्रोजन −१९६ सेल्सिअसला उकळतो, फॅरनहाइटमध्ये ते −३२०.८.

तापमान की तापमानातला फरक?

पद्धत बरोबर, चाचणीत ३७ येतंय, तरी उत्तर चुकतंय, अशी तक्रार असेल तर दहापैकी बऱ्याच वेळा रोग इथे असतो. ही चूक हुशार मुलंही करतात, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

"पाण्याचं तापमान २० अंश सेल्सिअसवरून ५० पर्यंत वाढवलं. वाढ फॅरनहाइटमध्ये किती?" वाढ ३० अंश, सूत्रात घातले, उत्तर ८६. चूक. २० म्हणजे ६८ आणि ५० म्हणजे १२२, फरक ५४. दोन्ही टोकांना ३२ मिळवलेले आहेत, वजाबाकीत ते एकमेकांना खातात. फरकाचं रूपांतर करताना फक्त ९/५ ने गुणायचं, ३२ ला हातही लावायचा नाही. तुमचं उत्तर अपेक्षेपेक्षा नेमकं ३२ ने मोठं असेल तर दुसरं काही शोधत बसू नका.

२०१५ च्या पॅरिस करारात पृथ्वीच्या सरासरी तापमानातली वाढ १.५ अंश सेल्सिअसवर रोखण्यासाठी प्रयत्न करण्याचं म्हटलं आहे. ही वाढ आहे, म्हणून फॅरनहाइटमध्ये ती २.७ अंश होते. सूत्रात सरळ घातलं तर ३४.७ येतात, आणि पृथ्वी तेवढी तापली तर बोलायला कोणी उरणार नाही.

केल्विन या तिसऱ्या एककात (सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवले की केल्विन) हीच चूक जास्त महागात पडते. उष्णतेच्या गणितात वस्तुमान, विशिष्ट उष्मा आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार असतो. फरक ३० अंश सेल्सिअस असेल तर तो ३० केल्विनच असतो, कारण दोन्हींच्या अंशाचा आकार एकच आहे. त्यात २७३ मिळवून ३०३ केले की उष्णता दहापट येते. उत्तर दहापटीच्या आसपास फुगलंय असं दिसलं तर आधी ही जागा तपासा.

गुणांकांना, म्हणजे 'दर अंशाला इतकं' अशा आकड्यांना, तर सूत्र लावूच नये. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी दर अंश सेल्सिअसला साधारण १२ मायक्रोमीटर वाढते. दर केल्विनलाही १२ च. दर अंश फॅरनहाइटला मात्र ६.७, कारण अंशच लहान आहे. इथे १.८ ने भागायचं असतं, आणि मुलं सवयीने गुणतात.

केल्विन कधी सक्तीचा

१८४८ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली: शून्य म्हणजे ज्याच्या खाली जाताच येत नाही ते तापमान, −२७३.१५ सेल्सिअस. म्हणून केल्विनमध्ये ऋण उत्तर आलं की कुठेतरी चुकलं आहे हे नक्की. लिहिताना केल्विनपुढे अंशाचं चिन्ह देत नाहीत. १९६७ मध्ये वजन-मापांच्या सर्वसाधारण परिषदेने ते काढून टाकलं. ३०० केल्विन, एवढंच.

नियम असा: गणितात दोन तापमानांचं गुणोत्तर येत असेल, किंवा तापमानाचा घात येत असेल, तर केल्विनशिवाय पर्याय नाही. २० अंश सेल्सिअस हे १० च्या दुप्पट गरम नव्हे. त्याच दोन तापमानांचे फॅरनहाइटमधले आकडे ६८ आणि ५० आहेत, गुणोत्तर १.३६. एकक बदललं की जे गुणोत्तर बदलतं ते निसर्गाचं नसतं, आपण निवडलेल्या शून्याचं असतं. केल्विनमध्ये २९३ आणि २८३, म्हणजे फरक जेमतेम साडेतीन टक्के.

दाब कायम ठेवून २७ सेल्सिअसचा ३ लिटर वायू १२७ पर्यंत तापवला. केल्विनमध्ये ३०० आणि ४००, आकारमान ४ लिटर. सेल्सिअसचेच आकडे वापरले तर १४ लिटर येतात. उष्ण वस्तूच्या प्रारणाचं (ती बाहेर टाकते त्या उष्णतेचं) गणित असेल, जिथे तापमानाचा चौथा घात लागतो, तर खरं उत्तर ३.१६ पट आणि सेल्सिअसने ४९० पट. पुस्तकांत २७ आणि १२७ हे आकडे सारखे दिसतात ते याचसाठी: २७३ मिळवले की गोल संख्या येतात. प्रश्नात २७ दिसलं की तो तुम्हाला केल्विनकडे बोलावतो आहे असं समजा.

२७३ घ्यायचे की २७३.१५, हा प्रश्न नेहमी येतो. दिलेलं तापमान पूर्णांकात असेल तर २७३ पुरे. दशांशात असेल तर २७३.१५. एकाच गणितात दोन्ही मिसळू नका. काही जुन्या पुस्तकांत २७३.१६ दिसतं, तो आकडा वेगळ्या गोष्टीचा आहे. बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र समतोलात राहतात त्या त्रिक बिंदूचं ते तापमान, आणि तो ०.०१ अंश सेल्सिअसला येतो. १९५४ पासून केल्विनची व्याख्या त्यावर बेतलेली होती. मे २०१९ पासून ती बोल्ट्झमनच्या स्थिरांकावर, म्हणजे तापमान आणि ऊर्जा यांना जोडणाऱ्या ठरलेल्या आकड्यावर आहे. रूपांतराला २७३.१५ च वापरायचे.

फॅरनहाइटवरून केल्विनला थेट नेणारं सूत्र आहे, पण ते पाठ करू नका असं माझं स्पष्ट मत आहे. सेल्सिअसवरून जा. एक पायरी वाढते, आणि मधला आकडा ओळखीचा असल्यामुळे तिथल्या तिथे तपासता येतो.

थर्मामीटरच सदोष असेल तर

"एक तापमापक बर्फात ५ आणि वाफेत ९५ दाखवतो. तो ५९ दाखवत असेल तर खरं तापमान किती?" इथे मुलं ५९ मधून ५ वजा करून ५४ लिहितात. आरंभ हलवला, पण अंशाचा आकार बदलायचा राहिला. या तापमापकावर शंभर अंश नव्वद घरांत मावले आहेत, म्हणून ५४ ला ९० ने भागून १०० ने गुणा: ६० अंश. हाच तापमापक ५० ला मात्र बरोबर दाखवतो, स्वतः करून बघा.

प्रत्यक्ष प्रयोग करत असाल तर वाफेचा बिंदू १०० च आहे असं गृहीत धरू नका. महाबळेश्वरसारख्या उंच जागी हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९५-९६ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे उकळत्या पाण्यात ९६ दाखवणारा तापमापक बहुधा निर्दोष असतो.

प्रोग्राम प्रत्येक वेळी शून्य दाखवतो

सी किंवा जावा शिकताना हा प्रोग्राम हमखास लिहायला देतात, आणि काहीही घातलं तरी उत्तर शून्य येतं. सूत्र बरोबर असतं. पण ५/९ हे दोन पूर्णांक आहेत, म्हणून संगणक पूर्णांक भागाकार करतो आणि ५ भागिले ९ चं उत्तर शून्य धरतो. पुढे कशालाही गुणा, शून्यच. ५.०/९.० लिहा. पायथनच्या सध्याच्या आवृत्तीत एक तिरकी रेघ दिली तर ही अडचण येत नाही, दोन दिल्या तर पुन्हा शून्य.

कधी शून्य न येता उत्तर थोडंसंच चुकतं, ९८.६ ला ३६ येतात. तेव्हा तापमान पूर्णांक चलात साठवलेलं असतं: ९८.६ चे ९८ झाले, त्यातून ३२ गेले, ६६ ला ५ ने गुणून ३३० आले आणि ९ ने भागताना शेवटचा अपूर्णांकही कापला गेला. चलाचा प्रकार बदलून दशांश साठवणारा घ्या. मग −४० घालून पाहा, कारण ऋण संख्या आत घेताना बिघडणारे प्रोग्राम धन आकड्यांवर अगदी व्यवस्थित चालतात.